महाडीबीटी शिष्यवृत्ती: घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नसेल, तर शिष्यवृत्ती म्हणजे कॉलेज सुरू झाल्यावर नेट कॅफेत जाऊन भरायचा एक फॉर्म, असाच बहुतेकांचा समज असतो. या समजापायी पात्र मुलामुलींचे हक्काचे पैसे अडकतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरणं हे मधलं पाऊल आहे. त्याच्या आधी कागद आणि बँकेचं काम असतं, आणि त्याच्यानंतर कित्येक महिने पाठपुरावा. मोठ्या भावाने किंवा चुलत बहिणीने हे सगळं आधी केलेलं असेल, तर पुढच्यांना क्रम आपसूक कळतो. ज्यांच्या घरी असं कोणी नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं काम पाहते. टेबलावर अडून आलेल्या अर्जांमध्ये मूळात अपात्र विद्यार्थी फार थोडे असतात. बाकीच्यांचं अडतं ते कामाचा क्रम चुकल्यामुळे. दाखला उशिरा काढला, खातं तपासलं नाही, परत आलेला अर्ज कोणी उघडून पाहिला नाही, अशी कारणं असतात. अकरावी, आयटीआय, पदविका, पदवी, काहीही असो, क्रम जवळपास हाच राहतो. तारखा आणि अटी मात्र दरवर्षी त्या वर्षीच्या सूचनेतच पाहाव्यात.

टप्पा १: कागद. एप्रिलमध्येच सुरुवात करा

प्रवेशाची यादी लागल्यावर दाखले काढायला धावू नका. जून-जुलैत सेतूच्या खिडकीवर सगळा तालुका उभा असतो.

*उत्पन्नाचा दाखला.* तो तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल ही त्याच्या आधीची पायरी आहे, तो दाखला नव्हे. आई-वडील शेतमजूर असतील तर रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा. जमीन असेल तर सातबारा आणि ८-अ जोडा. वडील कारखान्यात किंवा सोसायटीत पगारावर असतील तर पगाराचा पुरावा लागतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, म्हणून दाखला १ एप्रिलनंतर काढलेला हवा. जानेवारीत भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला दाखला जुलैत चालणार नाही. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो, तेव्हा छापील प्रतीवर तो स्पष्ट वाचता येतो का, ते केंद्रातच पाहून घ्या.

*जातीचा दाखला.* हा प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. घरातल्या पहिल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा मागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक आहेत. वडील शाळेत गेलेच नसतील, तर त्यांच्या शाळेचा दाखला येणार कुठून? अशा वेळी वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात शोध घ्यायचा. आजोबा, चुलत आजोबा, मोठे काका, आत्या यांच्यापैकी कोणी चौथीपर्यंत का होईना, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं असेल, तर त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. तोही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत जात लिहिलेली असते.

कुटुंब ऊसतोडीला किंवा कामाधंद्याला दुसऱ्या जिल्ह्यात येऊन राहिलं असेल, तर मानीव दिनांकाला पूर्वज ज्या गावी राहत होते तिथलं प्रांत कार्यालय गाठावं लागतं. या एका गोष्टीत दोन-तीन महिने सहज जातात. मूळ गावी जत्रेला किंवा लग्नाला जाल तेव्हाच हे काम उरकून घ्या.

*जात वैधता.* व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर दाखल्याबरोबर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अकरावी विज्ञानला असतानाच हा अर्ज करा. चुलत भावाला किंवा काकांना वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा. काम बरंच सोपं होतं.

*नॉन क्रिमीलेअर.* कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं हे प्रमाणपत्र इतर मागास वर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना लागतं. त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत पोचते का, ते पाहा.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, आणि मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळे मूळ कागद एकदाच नीट स्कॅन करा. पोर्टल १५ ते २५६ केबीच्या मधलीच फाइल घेतं. मोबाइलने तिरका काढलेला, अंगठा दिसणारा फोटो छाननीत हमखास परत येतो.

तपासा: दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल तर सहसा अडत नाही. पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असलं, किंवा वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी 'राव' आणि दुसरीकडे नुसतं नाव असलं, तर अडतं. बोर्डाची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. तेव्हा केंद्रावर गुणपत्रिका सोबत न्या आणि पावतीवरची अक्षरं तिथेच वाचा.

टप्पा २: बँक खातं. 'आधार लिंक आहे' एवढ्यावर थांबू नका

पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार क्रमांकावरून येतात. राष्ट्रीय देयके महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव शेवटचं लागलं असेल, तिथेच रक्कम जाते. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली, असं होत नाही. शाखेत विचारलं की 'लिंक आहे' असं उत्तर मिळतं. ते बहुतेक वेळा केवायसीबद्दल असतं. त्यामुळे नेमका प्रश्न विचारा: 'एनपीसीआय मॅपिंग या खात्याला आहे का?' नसेल तर आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि पोच घ्या.

मागच्या वर्षी बीएस्सीची एक मुलगी पासबुक घेऊन आली. पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं आणि पासबुकात एकही नोंद नव्हती. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं तर भलत्याच बँकेचं नाव आलं. बराच वेळ विचार केल्यावर तिला आठवलं, की दुकानात सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा दोनदा लावायला सांगितला होता. त्या दुसऱ्या अंगठ्यावर मोबाइलमधलं खातं उघडलं गेलं होतं. पैसे सुखरूप होते, फक्त त्या खात्यात होते. ही स्थिती स्वतः पाहायला दोन मिनिटं लागतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तेवढा चालू हवा.

नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. ओटीपीशिवाय महाडीबीटीची नोंदणीही पुढे सरकत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे असतात. ते राहिले असतील तर त्याच फेरीत देऊन टाका.

सावध: पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर ठेवता येत नाही. लहानपणी शाळेने उघडून दिलेलं खातं बहुधा असंच असतं. फीची मोठी रक्कम यायची असेल तर ती परत जाते. अठरा पूर्ण झाल्यावर शाखेत जाऊन ते खातं साधं बचत खातं करून घ्या.

टप्पा ३: प्रवेश घेताना

शिष्यवृत्ती मिळणार की नाही, हे बऱ्याचदा प्रवेशाच्या खिडकीवरच ठरून जातं आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो.

पहिली गोष्ट, जागा कुठल्या प्रकारची आहे? व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेली जागा हवी. 'इथेच बसून ॲडमिशन करून देतो, कॅपची भानगड नको' असं कोणी सांगितलं, तर ती व्यवस्थापन कोट्यातली जागा असू शकते. तिला बहुतेक योजना लागू होत नाहीत. जाहिरातीतलं 'स्कॉलरशिप उपलब्ध' हे वाक्य वाचून सही करू नका. वाटपपत्र, म्हणजे अलॉटमेंट लेटर, हातात घ्या. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांच्या बाबतीत आणखी काळजी घ्या, कारण फी माफीच्या काही मोठ्या योजनांतून ती वगळलेली आहेत.

दुसरी गोष्ट, प्रवेश अर्जात प्रवर्गाचा रकाना. राखीव प्रवर्गातला विद्यार्थी गुणवत्तेवर खुल्या जागेतून आला तरी त्याचा प्रवर्ग तोच राहतो. काही मुलं संकोचाने तिथे 'खुला' लिहितात आणि पुढे पोर्टलवर जातीच्या दाखल्याशी ते जुळत नाही.

तिसरी, फी. अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी घेऊ नये, असे आदेश शासनाने वेळोवेळी दिले आहेत. कॉलेज मागत असेल तर वाद घालण्याऐवजी 'मागणी लेखी द्या' असं नम्रपणे सांगा आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात ती दाखवा. जे पैसे भराल त्याची पावती शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क अशी तोडून मागा. पुढे कुठली रक्कम परत यायची आणि कुठली नाही, हे त्या पावतीवरूनच कळतं.

टप्पा ४: कॉलेजातली तीन माणसं ओळखून ठेवा

हे काम पहिल्या आठवड्यात करायचं.

शिष्यवृत्तीचा क्लार्क कोण, ते विचारून घ्या. त्याला तुमचं नाव आणि वर्ग माहीत असला, की अर्ज परत आल्याचा निरोप वर्गापर्यंत पोचतो.

समान संधी केंद्राचे प्राध्यापक कोण, हे दुसरं. अनेक कॉलेजांत असं केंद्र आहे, पण नोटीस बोर्डच्या पलीकडे त्याची माहिती जात नाही. घरी विचारायला कोणी नाही अशा मुलांनी शिष्यवृत्तीबरोबरच अभ्यासाच्या अडचणीही इथे सांगाव्यात. पहिल्या सत्रात इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून जातं, तेव्हा 'मलाच येत नाही' असं वाटून मुलं वर्गात येणं सोडतात. हजेरी गेली की शिष्यवृत्ती जाते, आणि शिष्यवृत्ती गेली की घरचे म्हणतात, पुरे झालं शिक्षण. ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती सुरुवातीलाच तोडायची असेल तर एका प्राध्यापकांपाशी मोकळेपणाने बोलायला हवं.

तिसरे ग्रंथपाल. बुक बँकेतून वर्षभरासाठी पुस्तकं मिळतात, पण संच मोजके असतात. जो आधी मागतो त्याला मिळतात.

शिवाय 'कमवा आणि शिका' योजना आहे का, ते विचारा. कॉलेजातच रोज ठरावीक तास काम आणि त्याचे पैसे. हॉटेलात रात्रपाळी करून सकाळच्या प्रात्यक्षिकाला दांडी मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. रोज गावाहून ये-जा करणाऱ्यांनी एसटीच्या मासिक पासाचा फॉर्म बोनाफाईडसोबतच घ्यावा. पासात दोन तृतीयांश सवलत असते, आणि मुलींना बारावीपर्यंत पास मोफत मिळतो.

टप्पा ५: राहण्या-जेवण्याची सोय. शिष्यवृत्तीची वाट पाहत बसू नका

वसतिगृहाचे अर्ज वेगळे, त्यांच्या तारखाही वेगळ्या, आणि बहुतेकदा महाडीबीटी सुरू होण्याआधीच त्या संपतात. म्हणून हा टप्पा प्रवेशाला लागूनच करायचा.

आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही, तर पुढचे मार्ग आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास व विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे ६०,००० रुपये मिळतात. मध्यम शहरांत ही रक्कम ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० आहे. गुणांची, उत्पन्नाची आणि स्थानिक रहिवासी नसल्याची अट असते.

इथली नेहमीची चूक अशी, की वसतिगृहाला अर्जच न करता थेट स्वाधार मागायला जातात. वसतिगृहाचा प्रवेश नाकारला गेला, हे आधी नोंदीत यावं लागतं.

अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती महाडीबीटीवरच दिसते आणि फीच्या योजनेबरोबर घेता येते. खोली भाड्याने घेतली असेल तर भाडेकरार करून ठेवा. तोंडी ठरलेल्या खोलीचा पुरावा नंतर उभा करता येत नाही.

टप्पा ६: योजना निवडणं

सगळ्या योजना इथे मांडायच्या तर लेख पुरणार नाही. जिथे गोंधळ होतो तेवढ्या सांगते.

अनुसूचित जातीत पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. उत्पन्न अडीच लाखांच्या पुढे गेलं म्हणून अर्जच न करणारे पुष्कळ आहेत. असं करू नका.

खुल्या प्रवर्गात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला आपण ईबीसी म्हणतो. त्यात एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांची अट आहे.

मुलींच्या फी माफीबद्दल मोठा गैरसमज आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. आधी ती निम्मी होती. 'फी माफ झाली' ऐकून कित्येकींनी अर्जच भरला नाही. सवलत अर्जातूनच मिळते, आणि अर्ज दरवर्षी करायचा असतो. विकास शुल्क या सवलतीत येत नाही, त्याची तजवीज घरी आधीच सांगून ठेवा.

बारावीला चांगले गुण असतील तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्राची योजनाही पाहा. मंडळाच्या यादीत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पदविका आणि तांत्रिक पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती योजना आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. मात्र एकाच कामासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. कुठली जास्त फायद्याची, ते पावतीवरची फी समोर ठेवून ठरवा आणि मगच अर्ज करा.

टप्पा ७: प्रोफाइल आणि अर्ज

नेट कॅफेवाल्याकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण शेजारी बसा. युजरनेम, पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा, आणि तो घरच्या वहीत लिहिलेला हवा. कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकला, की पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात.

प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह असे भाग येतात. भरलेल्या माहितीवरूनच पोर्टल पात्र योजना दाखवतं. हवी ती योजना दिसत नसेल तर 'मी पात्र नाही' असं धरून बंद करू नका. प्रवर्ग, उत्पन्न, कॅप प्रवेश, अभ्यासक्रमाचं वर्ष, यांपैकी एखादा रकाना चुकला आहे का, ते आधी पाहा.

चालू अभ्यासक्रमाच्या भागात घाई करू नका. कॉलेजचं आणि शाखेचं नाव यादीतून निवडायचं असतं, आणि एकाच नावाची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी तिथे वेगवेगळी दिसते. वाटपपत्रावर किंवा फी पावतीवर जसं आहे तसंच निवडा. चुकीची तुकडी निवडली तर अर्ज दुसऱ्याच कॉलेजच्या किंवा दुसऱ्याच विभागाच्या लॉगिनला जातो आणि तुमच्या क्लार्कला तो दिसतच नाही.

राहण्याचा रकानाही खरा भरा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,००० रुपये शैक्षणिक भत्ता आहे. दहावीनंतरच्या अभ्यासक्रमांना तो ४,००० आणि २,५०० आहे. वसतिगृहात राहूनही तो रकाना सोडला तर भत्ता घरून येणाऱ्याच्या दराने लागतो. उलट, खोटा भरला तर अर्ज बाद होतो.

तपासा: 'सबमिट' करण्याआधी प्रत्येक फाइल उघडून पाहा. उत्पन्नाच्या जागी जातीचा दाखला चढवलेला असणं ही रोजची गोष्ट आहे. मग अर्ज क्रमांक लिहून घ्या आणि छापील प्रत काढा.

टप्पा ८: अर्ज दाखल झाल्यावर

छापील अर्ज सगळ्या कागदांच्या प्रतींसह कॉलेजच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्ज आधी क्लार्क पाहतो, मग प्राचार्य, मग संबंधित विभागाचं जिल्हा किंवा विभागीय कार्यालय. या कुठल्याही पायरीवरून तो परत येऊ शकतो.

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. स्थितीच्या जागी 'सेंड बॅक' असं आलं, की अर्ज नामंजूर झाला असं मुलं समजतात आणि विषय सोडतात. त्याचा अर्थ एवढाच, की दुरुस्त करून पुन्हा पाठवा. खाली शेरा असतो. 'उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नाही', 'फी पावती अस्पष्ट', 'गॅपचा पुरावा जोडा', अशा एका ओळीत नेमकं काय हवं ते सांगितलेलं असतं. तेवढंच दुरुस्त करा, बाकीच्या रकान्यांना हात लावू नका आणि मुदतीच्या आत पुन्हा दाखल करा. दुरुस्त करून नुसतं 'सेव्ह' केलं तर अर्ज तुमच्याकडेच पडून राहतो.

दर सोमवारी एकदा लॉगिन करून स्थिती पाहायची सवय लावा. संदेश येईल या भरवशावर राहू नका. महिनाभर अर्ज कॉलेजच्याच पायरीवर दिसत असेल तर क्लार्कला भेटा, तरी हलला नाही तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. कॉलेजच्या पुढे जाऊन अडला असेल तर अर्ज क्रमांक घेऊन संबंधित कार्यालयात जा. अनुसूचित जातीसाठी समाज कल्याण, जमातीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, इतर मागास व विमुक्त-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याणचं जिल्हा कार्यालय. पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिचा क्रमांक जपून ठेवा.

टप्पा ९: पैसे आल्यावर

खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात आनंद होतो आणि उसनवारी फेडायचे बेत सुरू होतात. थांबा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्या रकमेत तुमचा भत्ता असतो, तशी कॉलेजची फीही असते. फीचा भाग लगेच कॉलेजात भरून पावती घ्या. तो खर्च झाला तर परीक्षेच्या अर्जाला किंवा निकालानंतर दाखला मागताना तीच रक्कम थकबाकी म्हणून समोर येते, आणि तेव्हा भरायला घरी पैसे नसतात. घरच्यांना ही गोष्ट पैसे येण्याआधीच समजावून सांगा. वडिलांशी बोलणं जड जात असेल तर त्यांना एकदा कॉलेजात घेऊन या, आम्ही सांगतो.

बऱ्याच योजनांत रक्कम दोन हप्त्यांत येते. पहिला आला म्हणून पाहणं बंद करू नका.

टप्पा १०: दुसरं वर्ष

एकदा मंजूर झालेला अर्ज पुढच्या वर्षी आपोआप चालू राहत नाही. त्याच लॉगिनमधून नूतनीकरण करायचं. पासवर्ड विसरला म्हणून नवीन नोंदणी केली, तर एका आधारवर दोन प्रोफाइल होतात आणि दोन्ही अडतात. पासवर्ड परत मिळवायची सोय मोबाइल नंबरवरून होते.

उत्पन्नाचा दाखला योजनेप्रमाणे नवा लागू शकतो, म्हणून एप्रिलचं काम याही वर्षी टाळू नका. एटीकेटीने, म्हणजे काही विषय राहिलेले असताना, पुढच्या वर्गात गेला असाल तर अर्ज सोडून देऊ नका. निकालाच्या रकान्यात जो खरा निकाल आहे तोच भरा आणि गुणपत्रिका जोडा. हजेरीची अट प्रत्येक योजनेत असते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ती ७५ टक्के आहे. सुगीत किंवा घरच्या आजारपणात आठवडा-दोन आठवडे जाणार असतील तर आधीच प्राध्यापकांना लेखी कळवा.

पदविका संपवून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला गेलात, तर लॉगिन तेच ठेवायचं, पण अभ्यासक्रम नवीन म्हणून अर्ज नवा भरायचा, नूतनीकरण नव्हे. जुन्या कॉलेजचा अभ्यासक्रम प्रोफाइलमध्ये 'पूर्ण' झाल्याची नोंद आधी करा, त्याची गुणपत्रिका चढवा, आणि मगच नव्या कॉलेजची माहिती भरा. मूळ दाखले आणि वैधता प्रमाणपत्र नव्या कॉलेजात जमा करावं लागलं, तर प्रत्येकाची पोच घ्या आणि स्कॅन केलेला संच स्वतःकडे ठेवा. धाकट्या भावंडाच्या जातीच्या दाखल्याला आणि वैधतेला हेच कागद पुरावा म्हणून लागतात.